फीत कापून झाल्यावर

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी विषय दिला तो ‘सर्वांच्या मालकीचं’ असा. मुंबईच्या उपनगरांत सर्वांच्या मालकीचं काय काय आहे, याची यादी करायला बसले, तर ती वाढतच गेली. पोहण्याचे तलाव, नाट्यगृहं, मैदानं, बागा, वस्तीतली स्वच्छतागृहं, टेकड्या, लेणी. यातलं काही महापालिकेने बांधलं, काही निसर्गाने घडवलं, तर काही दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी कोरलं. यादी हातात घेऊन मी अंधेरी, मुलुंड, घाटकोपर आणि बोरिवली अशी फिरत राहिले. उद्घाटनाची फीत कापून झाली, हार सुकले, मांडव सुटला. त्यानंतर ही जागा रोज सकाळी कोण उघडतं, कोण झाडतं आणि त्यांचा पगार कुठून येतो, हे मला जाणून घ्यायचं होतं.

गावदेवीच्या पायऱ्या

अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजच्या बाजूने आत वळलं की इमारतींच्या फटीतून काळ्या दगडाचा कडा अचानक दिसतो. हा गिल्बर्ट हिल. उंची सुमारे २०० फूट, वय ६ कोटी ६० लाख वर्षं. दख्खनच्या लाव्हाने सह्याद्री रचला त्या काळातला हा खडक. लाव्हा निवताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि बसाल्टचे खांब एकमेकांना खेटून उभे राहिले. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच ‘डेव्हिल्स टॉवर’ आहे. तो बघायला लोक देशभरातून गाड्या हाकत जातात, आणि त्याच्याभोवती मैलोन् मैल मोकळं रान राखलेलं आहे. आपल्या गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी घरांच्या भिंती थेट खडकाला टेकलेल्या आहेत. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी वर्षानुवर्षं फोडून नेला आणि त्यातून हा सुळका उरला.

वर गावदेवी आणि दुर्गामातेचं देऊळ आहे. तिथवर खडकातल्या पायऱ्या जातात. पायऱ्या चढताना डाव्या-उजव्या हाताला खांबांच्या कडा दिसतात, काही सरळ तर काही किंचित झुकलेल्या. मध्येच भेगेतून पिंपळाचं रोप डोकावतं. ते रोप दिसायला गोजिरं असलं तरी खडकाचं वैरी आहे. मूळ आत शिरलं की भेग रुंदावते. चढताना मला भेटलेली माणसं बहुतेक देवीला आलेली होती. या दगडाचं वय त्यांना ठाऊक असो वा नसो, पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा रस्ता इतकी वर्षं वापरात राहिला तो त्यांच्या श्रद्धेमुळे. देवळात रोज दिवा लागतो, पायऱ्या रोज झाडल्या जातात. सरकारी कागद त्यानंतर आला. महापालिकेने २००७ मध्ये गिल्बर्ट हिलला वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत घेतलं.

श्रेणी मिळाली की बांधकामाला लगाम बसतो. हे मोलाचंच आहे. पण श्रेणी पिंपळ उपटत नाही. खांबांची पडझड होते का ते दर पावसाळ्यानंतर पाहायला भूगर्भतज्ज्ञ नेमावा लागतो, पायथ्याच्या घरांची सोय लावावी लागते, शाळेच्या मुलांना हा दगड समजावून सांगणारं कुणीतरी तिथे उभं करावं लागतं. संरक्षण कागदावर एकदाच जाहीर होतं, देखभाल मात्र दर महिन्याला करावी लागते.

याच परिसराच्या नावाने महापालिकेचा एक जलतरण तलावही आहे. गेल्या काही वर्षांत पालिकेने अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल, अंधेरी पूर्वेला कोंडिविटा, मालाडला चाचा नेहरू उद्यान, दहिसरला ज्ञानधारा उद्यान, विक्रोळीला राजर्षी शाहू महाराज उद्यान असे नवे तलाव बांधले. वारसा आणि तलाव या वरकरणी दोन टोकांच्या गोष्टी. चालवण्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींचं दुखणं एकच निघतं.

पंचवीस लाख लिटर

ऑलिम्पिक मापाचा तलाव ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असतो. सरासरी खोली २ मीटर धरली तर त्यात २५ लाख लिटर पाणी मावतं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, असा सरकारी मापदंड आहे. त्या हिशेबाने हे साडेअठरा हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. एवढं पाणी रोज ओतून देणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून तलाव एकदा भरला की तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळून, शुद्ध करून वापरतात. बाहेरून दिसतं ते निळं पाणी. तलावाचा जीव असतो तो बाजूच्या पंपघरात.

सकाळची पहिली बॅच पाण्यात उतरण्याआधी पाणी तपासलं जातं. काचेच्या दोन छोट्या नळ्यांत तलावाचं पाणी घेतात. एकीत थेंब टाकले की पिवळा रंग चढतो, त्याच्या गडदपणावरून क्लोरीन किती ते कळतं. दुसरीत लालसर छटा येते, तिच्यावरून सामू कळतो. तो सात-साडेसातच्या आसपास राहायला हवा. खाली गेला तर डोळे चुरचुरतात, वर गेला तर क्लोरीनची धार बोथट होते. नळी उजेडात धरून रंगाच्या पट्टीशी ताडून पाहायची आणि आकडा वहीत लिहायचा. हे काम दोन मिनिटांचं, पण ते एका दिवसासाठीही चुकवून चालत नाही. मग पंपघरात वाळूच्या फिल्टरांवरचा दाब बघायचा. दाब वाढला म्हणजे वाळूत मळ साचला. तेव्हा पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवायची, ज्याला तिथले लोक बॅकवॉश म्हणतात. पंप बंद पडला आणि दोन दिवस दुरुस्त झाला नाही, तर पाणी हिरवं पडायला लागतं. पंपाचा सुटा भाग कोट्यवधीच्या तलावापुढे किरकोळ असतो, पण तो विकत घ्यायची मंजुरी वेळेत मिळाली नाही तर सगळा तलाव बंद राहतो.

यात माणसंही हवीत. प्रत्येक बॅचला जीवरक्षक हवेत, प्रशिक्षक हवेत, महिलांच्या बॅचला महिला प्रशिक्षक हवी, कपडे बदलण्याच्या खोल्यांना सफाई कामगार आणि फाटकाला सुरक्षारक्षक हवा. ही माणसं बहुधा कंत्राटावर असतात. कंत्राटाचं नूतनीकरण रखडलं की तलावाच्या फाटकावर ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’ अशी पाटी लागते.

अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल आणि मुलुंडचं प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल ही उपनगरांतली मोठी ठिकाणं. दोन्ही चालवण्यासाठी पालिकेने बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान ही वेगळी व्यवस्था केली. मुलुंडला तलाव, महाकवी कालिदास नाट्यमंदिर आणि मैदान एकाच आवारात आहेत. मुलुंड हे मुळात आखून वसवलेलं गाव. १९२२ मध्ये क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी त्याचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले. स्टेशनावरून त्या रस्त्यांनी चालत संकुलापर्यंत गेलं की आखणी करणाऱ्याने पन्नास-शंभर वर्षं पुढचं पाहिलं तर पुढच्या पिढ्यांना काय लाभतं, ते पायांना कळतं. एकाच आवारात कुणी पोहायला, कुणी बॅडमिंटनला, कुणी रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला आलेलं असतं. महिलांच्या बॅचला पन्नाशी ओलांडलेल्या बायका कडेचा दांडा घट्ट धरून पाय मारत असतात. लहानपणी गावच्या विहिरीत भाऊ पोहले, आपल्याला काठावर बसवलं, असं त्यांतल्या कितीतरी जणी सांगतील. त्यांच्यासाठी हा तलाव चैन नव्हे, राहून गेलेलं शिक्षण आहे.

बांधायचा पैसा, चालवायचा पैसा

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. काही राज्यांचे अर्थसंकल्पही एवढे नसतात. त्यातले सुमारे ४३ हजार १६२ कोटी, म्हणजे ५८ टक्के, भांडवली खर्चासाठी होते. भांडवली म्हणजे नव्याने उभारण्याचा खर्च: रस्ते, पूल, बोगदे, मलनिःसारण प्रकल्प, रुग्णालयांच्या इमारती. पगार, दुरुस्ती, वीज, क्लोरीन, झाडलोट हे सारं महसुली खर्चात येतं. त्या बाजूला पालिकेचा हात आखडता असतो आणि त्याला कारणंही आहेत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली. जकात हा पालिकेचा रोजचा खणखणीत पैसा होता. त्याच्या बदल्यात सरकारकडून भरपाई येते, पण स्वतःच्या नाक्यावर स्वतः वसूल केलेला पैसा आणि दुसऱ्याकडून येणारी रक्कम यांत फरक पडतोच. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला आणि पालिकेच्या नियमित उत्पन्नाला तेवढी ओहोटी लागली.

परिणाम सरळ आहे. तलाव बांधायला पैसा मिळतो. तो पाच, दहा, वीस वर्षं चालवायचा पैसा मात्र दरवर्षी नव्याने मागावा लागतो. पोहायला येणाऱ्यांची फी वाढवावी तर सामान्य घरातली मुलं बाहेर राहतात. म्हणून ज्येष्ठ, विद्यार्थी, महिला, दिव्यांग यांना सवलत द्यावी लागते आणि ती दिलीच पाहिजे. मग तूट भरायची कशी? उपनगरांनी यावर एक जुना उपाय शोधलेला आहे, मैदान भाड्याने देण्याचा. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सन मुंबईत गायला तो अंधेरीच्या क्रीडा संकुलात. आज त्याच संकुलातलं फुटबॉलचं मैदान मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान आहे आणि २०२२ च्या महिला आशिया चषकाचे सामने तिथे झाले. नवरात्रात मुलुंडला कालिदासच्या मैदानावर आणि बोरिवलीत प्रमोद महाजन क्रीडा संकुलात गरब्याचे मोठे मांडव पडतात. त्यातून पैसा येतो आणि उत्सवाचा आनंदही मिळतो. पण मैदानावर खांब ठोकण्यापासून खड्डे बुजेपर्यंत रोज खेळायला येणाऱ्या मुलांनी कुठे जायचं, याचं उत्तर भाड्याच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

दुसरा उपाय होता दत्तक देण्याचा. बागा आणि मैदानं खासगी संस्थांना सांभाळायला द्यायची. काही ठिकाणी संस्थांनी उत्तम बागा राखल्या, काही ठिकाणी सार्वजनिक मैदानावर जिमखाने आणि क्लब उभे राहिले आणि आत जायला सभासदत्व लागू लागलं. जानेवारी २०१६ मध्ये पालिका सभागृहाने या धोरणाचा नवा मसुदा मंजूर केला तेव्हा शहरभर विरोध झाला, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि संस्थांकडे असलेल्या दोनशेहून अधिक जागा परत घेण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी तेव्हा रस्त्यावर येऊन सांगितलं ते असं की सांभाळण्याच्या बदल्यात मालकी मागू नका. ते आजही खरं आहे.

हा पेच फक्त आपलाच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहं आणि धोबीघरांचा कायदा झाला. कामगार वस्तीतल्या माणसाला अंघोळ करता यावी, कपडे धुता यावेत, म्हणून स्थानिक संस्थांना कराच्या पैशातून ती बांधायची मुभा मिळाली. तिथल्या अनेक गावांतले पोहण्याचे तलाव त्याच परंपरेतले. अलीकडे विजेचे दर भडकले आणि नगरपरिषदांवर तलाव बंद करायची पाळी आली, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या सरकारने तलाव वाचवण्यासाठी ६ कोटी ३० लाख पाउंडांचा निधी जाहीर केला. त्यातला एक भाग खास चालवण्याच्या खर्चासाठी होता आणि दुसरा ऊर्जेची बचत करणाऱ्या सुधारणांसाठी. तलाव चालू ठेवणं हीसुद्धा सार्वजनिक गुंतवणूक आहे, हे तिथे सरकारने पैसे मोजून मान्य केलं.

जोशी लेन आणि आझाद नगर

घाटकोपरला सार्वजनिक कामाची सवय जुनी आहे. १९५० साली बृहन्मुंबईत सामील होण्याआधी इथे घाटकोपर-किरोळ अशी स्वतंत्र नगरपालिका होती. मुलुंड, बोरिवली आणि दहिसर त्यानंतर सात वर्षांनी, १९५७ मध्ये मुंबईत आली. गावाचा कारभार गावातून चालत असल्याची ती आठवण पूर्ण पुसली गेली नसावी, कारण १९९० च्या दशकात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ठरवलं की कचऱ्यासाठी फक्त पालिकेला बोल लावण्यात अर्थ नाही. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ओल्याचं खत, गल्लीची झाडलोट ठरलेल्या वेळी. त्यातूनच पालिकेने १९९७ मध्ये एएलएम, म्हणजे गल्लीपातळीवरच्या नागरिक गटांची योजना हाती घेतली आणि ती मुंबईभर पसरली. पुढे कुठे ती मंदावली, कुठे टिकली. जिथे टिकली तिथे रहिवासी आणि पालिकेचा मुकादम एकमेकांना नावाने ओळखतात, एवढी एक खूण पक्की सापडते.

जोशी लेनपासून फार दूर नसलेल्या आझाद नगरच्या वस्तीत २०१६ मध्ये ‘सुविधा’ हे सामुदायिक केंद्र सुरू झालं. जागा आणि परवानगी पालिकेची, पैसा आणि तंत्र हिंदुस्थान युनिलिव्हरचं, चालवण्यात स्थानिक संस्था सहभागी. आत शौचालयं, न्हाणीघरं, हात धुण्याची सोय, कपडे धुण्याची यंत्रं आणि पिण्याचं शुद्ध पाणी. पाण्याचा प्रवास असा आखलेला की अंघोळीला, हात धुवायला आणि कपड्यांना वापरलेलं पाणी शुद्ध करून शौचालयात सोडायचं. एकच पाणी दोन कामं करतं. १८४६ च्या कायद्यातली अंघोळ आणि धुणं दोन्ही इथे आहेत, फक्त वस्ती मुंबईची आहे.

अशा ठिकाणी दिवसाची लगबग पहाटे सुरू होते. बायका बादल्या आणि कपड्यांची गाठोडी घेऊन येतात. ज्या घरात न्हाणी नाही तिथल्या मुलीला दार लावून, कडी घालून अंघोळ करता येणं म्हणजे काय, हे तिच्या आईला विचारावं. उजेड होण्याआधी किंवा रात्री उशिरा, घरातल्या पुरुषांना बाहेर काढून अंघोळ उरकण्याचे दिवस त्यांनी काढलेले असतात. सार्वजनिक सोय कुणाची प्रतिष्ठा राखते ते इथे स्वच्छ दिसतं.

‘सुविधा’च्या आधीही मुंबईने एक मोठा धडा गिरवला होता. जागतिक बँकेच्या मदतीने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून झालेल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात तीनशेहून अधिक शौचालय संकुलं बांधली गेली. त्यात एक अट होती. इमारत पालिका बांधेल, पण आधी वस्तीने संस्था नोंदवायची, प्रत्येक प्रौढामागे १०० रुपये, कुटुंबामागे जास्तीत जास्त ५०० रुपये जमा करायचे आणि मग मासिक पासातून वीज, पाणी, सफाई कामगार हा खर्च चालवायचा. पैसे अगदी थोडे होते, पण पैसे भरणारा माणूस जाब विचारायला लागतो. जिथे संस्था जिवंत राहिली तिथे नळ गळायला लागला की दुसऱ्या दिवशी वॉशर बदलला गेला. जिथे संस्था एकाच घराच्या हाती गेली तिथे इमारत तीच असूनही दार मोडकं आणि टाकी कोरडी राहिली. म्हणजे सारा फरक चालवणाऱ्या हातांत होता.

एका लेण्याचे अनेक धनी

बोरिवलीला माउंट पोईसरच्या बाजूला मंडपेश्वरचं शैव लेणं आहे, आठव्या शतकाच्या सुमाराचं. आतला नटराज आजही ओळखू येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचं चर्च केलं आणि वर मठ बांधला. एका शिल्पाच्या जागी त्यांनी भिंतीत मोठा क्रूस कोरला, तो तसाच आहे. साष्टी मराठ्यांकडे आल्यावर पुढे मठ ओस पडला. आज वर भग्न भिंती, खाली लेणं, समोर मोकळी जागा आणि चोहीकडे शहर. एका नजरेत बाराशे वर्षं दिसतात.

अशा जागेचा धनी कोण? लेणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, म्हणजे केंद्राचं. समोरचा रस्ता, गटार, दिवे आणि कचऱ्याची गाडी महापालिकेची. शेजारच्या सोसायट्या रहिवाशांच्या. आणि १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने सगळ्यांच्या मध्ये एक रेघ ओढली. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढे २०० मीटर परवानगीशिवाय नाही. मंडपेश्वर, महाकाली, जोगेश्वरी या सर्व लेण्यांभोवती या रेघेच्या आत चाळी आणि जुन्या इमारती आहेत. स्लॅब गळतो, जिना खचतो, पण पुनर्विकास होत नाही. तिथे राहणाऱ्या माणसाला वारसा म्हणजे डोक्यावर टांगलेली बंदी वाटते, आणि त्याची तक्रार खोटी नाही.

म्हणूनच वारशाचं काम कुंपणाच्या आत थांबून चालत नाही. दुरुस्तीची परवानगी लवकर कशी मिळेल हे सांगणारा माणूस वॉर्ड ऑफिसमध्ये बसला, लेण्यासमोरच्या मोकळ्या जागेत मुलांना बसायला सावली झाली, शनिवार-रविवार स्थानिक पोरांना वाटाड्याचं काम मिळालं, तर शेजारी लेण्याचे राखणदार होतात. नाहीतर लेणं पर्यटकांचं आणि बंदी रहिवाशांची, अशी वाटणी होते.

लोकांना आणि कायद्याला बाजूला ठेवून आकर्षण उभं करायला गेलं की काय होतं, ते पवईने दाखवलं आहे. तलावाच्या काठाने महापालिकेने सायकल मार्ग बांधायला घेतला. आयआयटीतले विद्यार्थी न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काम काढून टाकायला आणि काठ पूर्ववत करायला सांगितलं. बांधायलाही करदात्यांचाच पैसा लागला होता, काढायलाही त्यांचाच. आता नाहूरला पक्षी उद्यानाची आखणी आहे. मुलुंड-भांडुपच्या मुलांना ते हवंच असेल. पण पक्ष्यांचा दाणापाणी, वैद्य आणि पिंजऱ्यांची निगा दहाव्या वर्षी कोण करणार, हे पहिल्याच वर्षी कागदावर यायला हवं.

कान्हेरीचा हिशेब

याचं उत्तर मला बोरिवलीच्याच राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या डोंगरावर कोरलेलं मिळालं. इथे शंभरहून अधिक लेणी आहेत. पावसाळ्यानंतर गेलं की खडकात खोदलेल्या पन्हळी दिसतात. माथ्यावरचं पाणी त्यांतून घसरत लेण्यांशेजारच्या टाक्यांत येतं. जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःचं टाकं. कल्याण, सोपारा, चौलच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी ती लेणी आणि टाकी दान दिली, आणि आपली नावं भिंतीवर लिहून ठेवली. मुंबईच्या उपनगरांतलं सार्वजनिक पाणीपुरवठ्याचं हे पहिलं काम म्हणायला हरकत नाही.

मला थांबवलं ते दानाच्या पुढच्या ओळींनी. दाते लेणं खोदून देऊन मोकळे झाले नाहीत. त्यांनी अक्षयनीवी ठेवली: मुद्दल तसंच राहील आणि व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च चालेल अशी ठेव. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार कोकणावर राज्य करत असताना कोरलेल्या लेखांत तर देणगी वाटून दिलेली आहे. दुरुस्तीला इतके द्रम्म, वस्त्रांना इतके, ग्रंथांना इतके. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या दात्यांना ठाऊक होतं की दगडाचं लेणंसुद्धा दुरुस्तीवाचून टिकत नाही. म्हणून त्यांनी बांधायचा पैसा आणि सांभाळायचा पैसा एकाच दगडावर, एकाच दिवशी लिहिला. २०२२ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक निधी आणि इंडियन ऑइल फाउंडेशनच्या पैशातून कान्हेरीला पर्यटकांच्या सोयी सुधारल्या गेल्या. चांगलं झालं. त्या सोयींनाही आता तशीच ठेव हवी.

भरलेल्या खुर्च्या

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळपास चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. स्थायी समिती नव्हती, सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. कामं झाली नाहीत असं नाही. रस्ते काँक्रीटचे झाले, सागरी किनारा मार्ग खुला झाला. पण तलावाचा पंप बिघडला, नाट्यगृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली, मैदानाच्या दिव्याची तार तुटली, अशी कामं मोठ्या प्रकल्पांच्या यादीत कधीच नसतात. ती होतात ती कुणीतरी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन खुर्चीवर ठाण मांडून बसल्यामुळे. आपली कामं करून घ्यायचा तोच रस्ता सामान्य माणसाला माहीत असतो, आणि चार वर्षं तोच बंद होता.

आता २२७ खुर्च्या भरल्या आहेत. निवडून आलेल्यांना आपल्या वॉर्डात काहीतरी नवं बांधून दाखवण्याची इच्छा होणार. ती स्वाभाविक आहे. नव्या बांधकामावर नाव कोरता येतं, बदललेल्या वॉशरवर येत नाही. म्हणूनच मतदारांनी मागणी बदलायला हवी. माझ्या मते तीन गोष्टी मागाव्यात.

पहिली, प्रत्येक तलाव, मैदान, नाट्यगृह आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी मराठीत एक फलक असावा: ही जागा कोण चालवतं, त्याचा करार कधी संपतो, गेल्या वर्षी चालवायला किती खर्च आला आणि किती जमा झाला. ही माहिती आज माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवावी लागते. ती दारावर असली की अर्जाची गरज उरणार नाही. दुसरी, कुठलंही नवं काम मंजूर करताना त्याच्या पहिल्या दहा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाची तरतूद त्याच ठरावात व्हावी. कान्हेरीच्या दात्यांना जमलं ते ७४ हजार कोटींच्या महापालिकेला जमायला काहीच अडचण नाही. तिसरी, वापरणाऱ्यांची समिती. क्षेत्रसभेचा कायदा महाराष्ट्रात २००९ मध्येच झाला, पण क्षेत्रसभा आपण कधी नीट भरवल्याच नाहीत. त्या भरवा. तलावावर येणारी आजी, मैदानावरचा मुलांचा कप्तान, ‘सुविधा’त रोज येणारी बाई आणि लेण्याशेजारचा रहिवासी यांना वर्षातून चार वेळा वॉर्ड ऑफिसरसमोर बसवा.

अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली इथे मला चांगल्या चाललेल्या जागा जिथे जिथे दिसल्या, तिथे तिथे मागे एखादा गट होता: पहाटेची बॅच, गल्लीची मंडळी, देवळाचे भाविक, पास काढणारी वस्ती. त्यांनी ती जागा आपली मानली आणि तिच्यासाठी भांडलेही. महापालिकेकडे पैसा आहे, कायदे आहेत, चांगले अभियंतेही आहेत. त्यांच्याकडून रोजची निगा वसूल करून घेणं हे आपलं, नागरिकांचं काम आहे. दिवाळीची सुट्टी संपली की आपापल्या वॉर्ड ऑफिसात जा आणि तुमच्या घराजवळचा तलाव, मैदान किंवा नाट्यगृह कोण चालवतं, एवढं तरी विचारून या.